आजारपणातील सहजीवन

(रुग्ण व नातेवाईकांच्या मेळाव्यातील भाषण)



रुग्णालयाच्या अहवालात खाटा, शस्त्रक्रिया आणि जमाखर्च यांची नोंद असते. ज्या गोष्टीसाठी त्यात रकाना नाही, तिच्याविषयी आज आम्ही बोलणार आहोत. दीर्घ आजार घरात शिरला की पती-पत्नीच्या नात्याचे काय होते, हा तो विषय.

आजार प्रथम शरीराला गाठतो, मग नात्याला. कालपर्यंतचे जोडीदार आज 'रुग्ण' आणि 'सेवेकरी' होतात. बोलणे औषध, पथ्य आणि खर्च यांपुरते उरते. एकाला आपण ओझे झालो असे वाटते. दुसऱ्याला थकलो असे म्हणण्याचीही चोरी होते.

महात्मा जोतीराव फुले यांना १८८८ मध्ये पक्षाघात झाला आणि त्यांची उजवी बाजू लुळी पडली. सावित्रीबाईंनी त्यांची शुश्रूषा केली. त्या अवस्थेतही जोतीरावांनी डाव्या हाताने लिहून 'सार्वजनिक सत्यधर्म' हे पुस्तक पूर्ण केले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले; पुस्तक १८९१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या घरात सेवा होती, तसेच रुग्णाचे कामही अखेरपर्यंत त्याचेच राहिले.

दुसरे उदाहरण आपल्याला काळाने आणि अंतरानेही जवळचे आहे. बाबा आमटे यांना मणक्याच्या विकारामुळे बसणे अशक्य झाले. उभे राहणे किंवा आडवे होणे, एवढेच हाती होते. तरीही १९९० मध्ये ते आनंदवन सोडून सातपुड्यापलीकडे, बडवानीजवळ कसरावद येथे नर्मदाकाठी राहावयास गेले. साधनाताई सोबत होत्या. बाबांच्या दुखण्याची काळजी त्यांनी वाहिली, तशीच त्यांच्या ध्येयातही त्या सहभागी राहिल्या. 'समिधा' या आत्मकथनात त्यांनी हे सहजीवन लिहून ठेवले आहे.

ही माणसे मोठी होती. तथापि त्यांच्या संसारातून घेण्यासारखी गोष्ट साधी आहे. आजारी माणसाकडून घेणे थांबवू नये. कापसाला काय भाव मिळाला, हे त्याला सांगावे आणि विकावा की थांबावे, हेही विचारावे. बसता येत असेल तर मेथी निवडणे, हिशेबाची वही पाहणे ही कामे त्याच्याकडेच ठेवावीत. डायलिसिसचे चार तास शेजारी बसून घरच्या गोष्टी बोलण्यात जावेत. पक्षाघाताने वाचा गेली तरी पुष्कळदा समज शाबूत असते. म्हणून बोलणे सोडू नये. कर्करोग स्पर्शाने होत नाही; हात हातात घेण्यास भिण्याचे कारण नाही. आणि रुग्णानेही जोडीदाराला विचारावे, "तू जेवलीस का?", "तुम्ही झोपलात का?" सेवा करणाऱ्याला या प्रश्नानेही बळ मिळते.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलणे आवश्यक आहे. नवरा आजारी पडला की पत्नी उशाशी बसते. पत्नी आजारी पडली की मात्र काही घरांतून तिला माहेरी धाडले जाते. क्षयरोग असेल तर अधिकच. योग्य औषधोपचार नियमित सुरू झाल्यावर क्षयाचा संसर्ग सामान्यतः थोड्याच आठवड्यांत ओसरतो. माहेरी धाडल्याने झालेली जखम त्यानंतरही राहते. साक्री, शिरपूर, शिंदखेड्याहून पत्नीला घेऊन येणारे, तिच्या गोळ्यांच्या वेळा पाठ असणारे पतीही आम्ही पाहतो. त्यांनी आपल्या गावात याविषयी बोलावे, ही आमची विनंती आहे.

डॉक्टर म्हणून आमचेही कर्तव्य आहे. आजाराची माहिती रुग्णाच्या संमतीने दोघांना एकत्र बसवून, समजेल अशा भाषेत द्यावी. एकाला सांगून दुसऱ्यापासून लपविण्याचा भार कोणावर टाकू नये. देणगीदारांना एवढेच सांगावेसे वाटते की यंत्रसामग्रीइतकेच खाटेजवळचे बाक, नातेवाइकांची विश्रांतीची खोली आणि दोन वेळचे परवडणारे जेवण यांचेही मोल आहे. त्यामुळे दूरच्या खेड्यातून आलेला जोडीदार रुग्णाजवळ थांबू शकतो.

प्रत्येक आजार बरा करणे आमच्या हाती नाही. त्या आजारात दोघांपैकी कोणीही एकटे पडू नये, यासाठी झटणे मात्र आपल्या सर्वांच्या हाती आहे. आपले सहकार्य यापुढेही लाभावे, ही प्रार्थना.