मोरीच्या पलीकडे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. भाषणाची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्यावे. आपल्या मुंबईच्या सांडपाण्यावर बोलणार म्हटल्यावर पुष्कळजणी हसल्या. शुभदिनी हा विषय कशाला? पण मला माझीच एक चूक सांगायची आहे.

गेल्या दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी आटोपल्यावर तळणीचे उरलेले तेल मी मोरीत ओतले. वर कढत पाणी सोडले आणि काम संपले असे मानले. चौथ्या दिवशी इमारतीचे गटार तुंबले. सोसायटीने बोलावलेल्या मुलाने झाकण काढून बांबू घातला, तर साबणाच्या वडीसारखे पांढरे गोळे वर आले. “मावशी, हे तेलच थिजलंय,” तो म्हणाला आणि आत उतरू लागला. माझ्या धाकट्याच्या वयाचा पोर! गटारातल्या विषारी वायूने माणूस पाहता पाहता कोसळतो. संरक्षक साधनांवाचून कोणाला आत उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. मी त्याचा हात धरला. महापालिकेचे यंत्र येईपर्यंत दोन दिवस सर्वांनी दुर्गंधी सोसली आणि बोलणी मी खाल्ली.

मग मी माहिती काढली. आपल्या मोरीचे पाणी भुयारी गटारांतून शुद्धीकरण केंद्राकडे जाते. कुलाबा, वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप व घाटकोपर अशी ही सात केंद्रे. तेथे जाळ्यांत चिंध्या, प्लॅस्टिक अडकते. मग वाळू खाली बसवतात. पुढची शुद्धी करायची तर पाण्यात हवा खेळवून सूक्ष्म जंतू वाढवावे लागतात. ते घाण खातात. विरजणासारखीच ही जिवंत गोष्ट! कारखान्याचे ॲसिड तेथे पोचले, तर जंतूच मरतात.

म्हणून कारखान्याला १९७४ च्या कायद्याप्रमाणे महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती घ्यावी लागते व आपले पाणी आधी आपणच शुद्ध करावे लागते. सार्वजनिक गटारात सोडायच्या लिटरभर पाण्यात तेल २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे केंद्राचे मानक आहे. या मापाने एक किलो तेलाला ५० हजार लिटर पाणी लागेल! मी एक तपेलीभर पाणी ओतले होते.

कारखाना चुकला तर आपण तक्रार जरूर करावी. पण आपल्या मोरीवर तपासनीस येत नाही. तेथे आपणच तपासनीस.

तेव्हा एवढेच करू या. कढई घासण्याआधी जुन्या कागदाने पुसावी. भांड्यातले खरकटे जाळीवर अडवावे. उरलेले तेल गाळून बाटलीत भरावे. त्यापासून जैवइंधन होते. मंडळाच्या खोलीत त्यासाठी मी एक डबा ठेवला आहे. पहिली बाटली माझी आहे. दुसरी कोणाची, ते पुढच्या सभेत पाहू.