माईसाहेब : एका सहधर्मचारिणीचे जीवन
(विहाराच्या वर्धापनदिनी उपासिकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितले की बाई, यावर्षी तुम्ही धम्मासाठी झिजलेल्या एखाद्या स्त्रीवर बोला. मी शाळेत उभी हयात बोलत आली, त्यामुळे नाही कशी म्हणणार? सर्वांना वाटले की मी माता रमाईंवर बोलणार. रमाईंवर मी या विहारात कितीदा तरी बोलली आणि पुढेही बोलेन. पण आज मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे, त्यांचे नाव या विहारात आजवर एकाही भाषणाला मिळाले नाही. त्या म्हणजे डॉ. सविता आंबेडकर. माईसाहेब.

नाव घेतल्याबरोबर मागे थोडी चुळबुळ झाली, मला दिसली. असू द्या. आमच्याही घरी तीच चुळबुळ होती, म्हणून मी आधी घरचीच गोष्ट सांगते.

माझी माय १९५६ साली नागपूरला गेली होती. इथून बैलबंडीने बदनेऱ्यापर्यंत आणि तिथून रेल्वेने. मी तेव्हा पोटात होती. सोबत शिदोरीची भाकर आणि एक पांढरे लुगडे, ते सुद्धा उसने आणलेले. माय सांगायची, माणूस एवढा होता की बाबासाहेब दुरून बोटाएवढे दिसले. पण त्यांच्या बाजूला पांढऱ्या लुगड्यातली एक बाई उभी होती, हे तिला पक्के आठवत होते. "त्यायनं बी हात जोडले, आमी बी जोडले," असे ती म्हणायची. पण ती बाई कोण, हे विचारले की माय गप्प. कारण ६ डिसेंबर झाला, आणि नंतर गावोगावी जे पसरले ते आमच्या भातकुलीतही येऊन पोचले. आमच्या भिंतीवर तथागतांचा फोटो होता, बाबासाहेबांचा होता, रमाईंचा होता. चौथ्या फोटोची जागाच नव्हती.

आता त्या बाई कोण होत्या ते पाहू.

त्यांचे माहेरचे नाव शारदा कबीर. जन्म २७ जानेवारी १९०९. मूळ घराणे रत्नागिरी जिल्ह्यातले, सारस्वत ब्राह्मण. वडिलांचे नाव कृष्णराव. त्या काळी मुलींना चौथीपुढे शिकवणे म्हणजे चैन होती, तेव्हा या मुलीने मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून १९३७ साली एम. बी. बी. एस. केले. घरही मोकळ्या विचारांचे. आठ भावंडांपैकी सहा जणांनी जातीबाहेर लग्ने केली, असे त्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. पुढे मुंबईत डॉ. मालवणकर यांच्याकडे त्या काम करू लागल्या. म्हणजे बाबासाहेबांची भेट होण्यापूर्वीच त्या स्वतःच्या पायावर उभ्या होत्या. त्यांना कोणाच्या नावाची गरज नव्हती.

१९४७ साली बाबासाहेब उपचारासाठी डॉ. मालवणकरांकडे येऊ लागले. मधुमेह, रक्तदाब, पायाच्या नसांचे दुखणे. रात्र-रात्र झोप नाही. वर संविधानाच्या मसुद्याचे ओझे डोक्यावर. रमाई जाऊन बारा वर्षे झाली होती (२७ मे १९३५), आणि पुन्हा लग्न करायचे नाही असे बाबासाहेबांनी ठरवले होते. पण डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले की घरात काळजी घेणारे माणूस पाहिजे. मार्च १९४८ मध्ये दादासाहेब गायकवाडांना लिहिलेल्या पत्रात बाबासाहेबांनी हे सर्व मोकळेपणाने मांडले आहे: पत्नी शिकलेली हवी, डॉक्टर हवी आणि तिला स्वयंपाकही यायला हवा. मला तर तो स्वयंपाक वाचून हसू आले. एवढा मोठा विद्वान, पण पथ्याची भाजी कोण करणार हा प्रश्न त्यालाही सुटत नव्हता.

१५ एप्रिल १९४८ रोजी दिल्लीत, बाबासाहेबांच्या राहत्या घरी नोंदणी पद्धतीने लग्न झाले. आदल्या दिवशी बाबासाहेबांना ५७ वर्षे पूर्ण झाली होती. त्यांचे वय ३९. शारदाच्या सविता झाल्या, पण बाबासाहेब त्यांना 'शारू' म्हणत.

भगिनींनो, इथे जरा तारखांकडे लक्ष द्या. संविधानाचा मसुदा घटना समितीपुढे चर्चेला आला तो ४ नोव्हेंबर १९४८ रोजी. एकेक कलम, एकेक दुरुस्ती, एकेक आक्षेप. बाबासाहेब उभे राहून उत्तरे देत होते. ते २६ नोव्हेंबर १९४९ पर्यंत चालले. म्हणजे ती अख्खी लढाई लग्नानंतरची आहे. दिवसभर सभागृहात उभ्या असलेल्या त्या देहाला इन्सुलिन वेळेवर मिळत होते का, पथ्य सांभाळले जात होते का, हे कोण पाहत होते? त्यानंतर हिंदू कोड बिल, १९५१ चा राजीनामा, आणि मग पाच वर्षे 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे लेखन. आठ वर्षे एक डॉक्टर बाई आपली डॉक्टरकी एकाच रोग्यासाठी राखून बसली. माझ्या लेखी ही समाजसेवाच आहे. सभेत भाषण करणे तेवढीच समाजसेवा, असे कोणी ठरवले?

गैरसमज नको. सभेत भाषण करणाऱ्या बायाही आपल्याकडे होत्या, आणि त्या आपल्याच जिल्ह्यातल्या. जुलै १९४२ मध्ये नागपूरला दलित महिलांची अखिल भारतीय परिषद झाली, तिच्या अध्यक्षा आपल्या अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे होत्या. हजारो बाया जमल्या होत्या. त्यात घटस्फोटाच्या हक्काचा ठराव झाला, नवऱ्याने एकाहून जास्त बायका करू नये हा ठराव झाला, गिरणीतल्या आणि बिडीकाम करणाऱ्या बायांना भरपगारी रजा मिळावी हाही ठराव झाला. सुलोचनाबाईंनी तर अध्यक्षीय भाषणात संततिनियमनाचा विषय काढला. १९४२ साली! आज आपल्या किती मुलींना हे नाव माहीत आहे? त्यांच्यावर एक वेगळे व्याख्यान व्हायला पाहिजे, समितीने नोंद घ्यावी. मी परत माईसाहेबांकडे येते.

१४ ऑक्टोबर १९५६, अशोक विजयादशमी. कुशीनाराचे वृद्ध भदन्त चंद्रमणी महास्थवीर यांनी आधी बाबासाहेब आणि माईसाहेब या दोघांना त्रिशरण-पंचशील दिले. त्यानंतर बाबासाहेबांनी समोरच्या जनसागराला दीक्षा दिली आणि बावीस प्रतिज्ञा वदवून घेतल्या. हा क्रम ध्यानात ठेवा. आपल्या या धम्मक्रांतीच्या पहिल्या ओळीत एक स्त्री उभी आहे. ती जन्माने ब्राह्मण होती आणि सर्वांदेखत तिने तो धर्म सोडला. आपल्या पूर्वजांनी जे सोडले त्याने त्यांना दुःखच दिले होते. तिने जे सोडले त्यात तिला मान होता, नातीगोती होती. कोणाचा त्याग मोठा, असा हिशेब मी मांडत नाही. पण तिनेही काही सोडले, एवढे तरी आपण बोलायला हवे होते.

नोव्हेंबरमध्ये काठमांडूची जागतिक बौद्ध परिषद झाली, तिथेही त्या सोबत होत्या. आणि ६ डिसेंबरला सकाळी दिल्लीच्या २६ अलीपूर रोडवर बाबासाहेब झोपेतून उठलेच नाहीत, हे पहिल्यांदा त्यांनीच पाहिले.

पुढचे सर्व तुम्हाला माहीत आहे. दुःखाने समाज वेडापिसा झाला होता. बाप गेला की लेकरू कोणावर तरी राग काढते. संशय घेतला गेला तो बायकोवर. चौकशीची मागणी झाली. केंद्र सरकारने चौकशी केली आणि मृत्यू नैसर्गिक होता, असे सांगण्यात आले. ज्या माणसाला इतकी वर्षे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयाचा त्रास होता, तो झोपेत जाऊ शकतो, हे आज आपल्या गावातला साधा कंपाउंडरही सांगेल. पण चौकशीचा निकाल कागदावर राहिला आणि अफवा ओसरीवर राहिली.

आता मी माझ्या मायकडे परत जाते. माझे वडील १९८४ साली लकव्याने पडले. चार वर्षे मायने त्यांना कुशीवर वळवले, चमच्याने भरवले, अंग पुसले, पाठीला जखम होऊ दिली नाही. खारपाणपट्ट्यातले पाणी ते, तोंडात धरवत नाही. त्यांच्यासाठी गोड पाण्याचा हंडा ती दुरून आणायची. १९८८ साली ते गेले. तेराव्या दिवशी घरातलेच एक माणूस म्हणाले, "बुढीनं टाइमावर औषध देल्लं असतं तं बुढा वाचला असता." मायने ते ऐकले. तिने भांडण केले नाही. ती फक्त उठून मागच्या अंगणात गेली आणि बराच वेळ आत आलीच नाही.

१४ एप्रिल १९९० रोजी बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न मिळाले. राष्ट्रपती वेंकटरामन यांच्या हातून ते माईसाहेबांनी घेतले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मायला वाचता येत नव्हते. ती बराच वेळ फोटो पाहत राहिली आणि म्हणाली, "हे तेच का? केवढी म्हतारी झाली!" त्याच साली माईसाहेबांचे आत्मचरित्र निघाले, 'डॉ. आंबेडकरांच्या सहवासात'. मी ते आणले आणि दिवाळीच्या सुटीत मायला रोज रात्री थोडे थोडे वाचून दाखवले. ती मध्ये बोलायची नाही. तूर निवडत ऐकायची. एका रात्री, आजारपणाचे काही पान चालले असताना, तिने हात थांबवला आणि मला विचारले, "मंग त्यायले रोज सुई कोन देत होतं?"

मी म्हटले, "ह्याच देत होत्या, माय."

ती म्हणाली, "मंग आमी काऊन असं म्हनलं वं?"

माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही.

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ ऐकिवात आले म्हणून, केवळ परंपरेने चालत आले म्हणून मानू नका. आपण दर वर्षावासात ते सुत्त ऐकतो आणि मान डोलावतो. पण ते देव-देवस्कीच्या बाबतीत आपण पाळले, एका विधवेच्या बाबतीत पाळायचे विसरलो. नवरा गेला की बायकोकडे बोट दाखवायचे ही जुन्या समाजाची खोड. धर्म सोडला, खोड राहून गेली. हे मी तुम्हाला नाही, आमच्या घराला म्हणते आहे.

खुद्द बाबासाहेबांचा याबाबत शब्द काय होता? मार्च १९५६ मध्ये त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना लिहिली. त्यात त्यांनी आपल्या आजारपणाचा उल्लेख केला. डॉक्टरांनी आशा सोडण्यासारखी अवस्था झाली होती, त्यातून आपण उठलो ते आपल्या पत्नीच्या आणि डॉ. मालवणकरांच्या वैद्यकीय कौशल्यामुळे, असे त्यांनी कृतज्ञतेने नोंदवले. १९५७ साली, त्यांच्या पश्चात, ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली तेव्हा ती प्रस्तावना त्यात नव्हती. भगवान दास यांनी १९८० साली ती प्रसिद्ध केली, तेव्हा कुठे लोकांना ती वाचायला मिळाली. मधल्या काळात त्या बाईने तोंडाने कितीही सांगितले तरी कोणी ऐकत नव्हते, आणि ज्यांचे सर्वांनी ऐकले असते त्यांचा शब्द छापलेला नव्हता.

पुढच्या काळात चळवळीतल्या तरुण कार्यकर्त्यांनी त्यांना पुन्हा लोकांत आणले. १९८७-८८ च्या 'रिडल्स'च्या आंदोलनात त्या म्हातारपणी उभ्या राहिल्या. जवळ जपलेल्या बाबासाहेबांच्या वस्तू त्यांनी पुण्याच्या सिम्बायोसिसच्या स्मारक-संग्रहालयाला दिल्या. त्या आज कोणालाही पाहता येतात, सहल काढायची असेल तर जरूर काढा. २९ मे २००३ रोजी मुंबईत, वयाच्या ९५ व्या वर्षी त्या गेल्या. २०२२ साली त्यांचे आत्मचरित्र इंग्रजीतही आले, म्हणजे आता आपली शहरात शिकणारी नातवंडेही ते वाचू शकतात.

त्यांच्या सर्वच वागण्यावर मी शिक्का मारत नाही. चळवळीतल्या काही ज्येष्ठांचे त्यांच्याशी मतभेद होते, ते त्यांनी लिहूनही ठेवले आहेत, तेही वाचावे. माणूस म्हटला की उणे-अधिक असणार. पण मतभेद वेगळे आणि जो आरोप आपण ओसरीवर बसून केला तो वेगळा.

आता शेवटी कामाचे. आपल्या विहारात वर्षावासात जी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'ची प्रत वाचली जाते, तिची सुरुवातीची पाने हाताळून हाताळून केव्हाच गळून गेली आहेत. आपण थेट पहिल्या खंडापासून वाचायला घेतो. मी बाबासाहेबांची ती प्रस्तावना मराठीत सुवाच्य अक्षरात लिहून काढली आहे, मास्तरणीचे अक्षर आहे, कोणालाही लागेल. ती पाने आज मी भन्तेजींच्या हाती देत आहे. या आषाढ पौर्णिमेला वाचन सुरू होईल तेव्हा ती आधी वाचावी, अशी माझी विनंती भन्तेजींनी मान्य केली आहे.

आणि आमच्या घरच्या भिंतीवर आता चार फोटो आहेत. चौथा मायने, जायच्या आदल्या वर्षी, माझ्याकडून लावून घेतला. खिळा जरा वाकडा ठोकला गेला आहे, पण मी तो सरळ केला नाही.

जयभीम. नमो बुद्धाय.