हक्काच्या कागदाची किंमत



बोदलकसाच्या तलावाकाठी आपली ही परिषद भरवली आहे. दुपारच्या सत्रात कोणी पाण्याकडेच बघत बसलं, तर अध्यक्ष म्हणून मी हरकत घेणार नाही. मला मात्र बोलायचं आहे ते याच गोंदिया जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाबद्दल.

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ नॉर्ग्येलिंग ही तिबेटी वसाहत आहे, 1972 सालची. तेव्हा हा भाग भंडारा जिल्ह्यात होता. गोंदिया जिल्हा झाला 1999 मध्ये. ही माणसं जिल्ह्यापेक्षा जुनी आहेत, तरी त्यांच्यातल्या बहुतेकांच्या हातातला कागद त्यांना परदेशीच म्हणतो आणि मुदत संपली की त्याचं नूतनीकरण करावं लागतं.

कायदा खरं तर सरळ आहे. 1955 च्या नागरिकत्व कायद्याप्रमाणे 26 जानेवारी 1950 रोजी वा त्यानंतर आणि 1 जुलै 1987 पूर्वी भारतात जन्मलेला माणूस जन्मानेच नागरिक असतो. राजदूतांची मुलं वगैरे अपवाद सोडले, तर आईबाप कोण हे विचारायचंच नाही. तिबेटी आईबापांच्या मुलांनाही हे लागू आहे, असं दिल्ली उच्च न्यायालयानं 2010 मध्ये सांगितलं. 2014 मध्ये निवडणूक आयोगानं अशांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितली. 2016 मध्ये न्यायालयानं पासपोर्टही द्या म्हटलं. मग 2017 मध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या अटी आल्या: परदेशी म्हणून दिलेलं ते नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहतीत राहत नसल्याचं लिहून द्या, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलती सोडा. जो जन्मानेच नागरिक आहे, त्यानं ते दाखवून देण्यासाठी राहतं घर सोडायचं!

अशी अट जिथे उभी राहते, तिथे तिच्या शेजारी दलाल येऊन उभा राहतोच. तो कायदा मोडून देत नाही. कायद्यानं जे मिळायलाच हवं, ते लवकर मिळवून देण्याचे पैसे घेतो. आपल्या चर्चांत नेमकी हीच गोष्ट निसटते. ज्याचा हक्क नाही त्याला खोटा कागद विकणं हा एक भ्रष्टाचार. ज्याचा हक्क आहे त्याला त्याचाच खरा कागद विकणं हा दुसरा. पहिल्याची बातमी होते. दुसऱ्याची होत नाही, कारण शेवटी कागद खराच असतो आणि पैसे देणाराही सुटल्याच्या आनंदात गप्प बसतो. मला जास्त छळतं ते हे की पहिला उघडकीला आला, की दुसऱ्याचा भाव वाढतो.

मालेगावचं उदाहरण ताजं आहे. 2023 च्या दुरुस्तीनं वर्षापेक्षा जास्त उशिराच्या जन्मनोंदीचे आदेश देण्याचा अधिकार न्यायालयाकडून महसूल अधिकाऱ्यांकडे आला. बांगलादेशी आणि रोहिंग्यांनी असे दाखले मिळवल्याचा आरोप झाला, जानेवारी 2025 मध्ये विशेष तपास पथक नेमलं गेलं, दोन अधिकारी निलंबित झाले. चौकशी व्हायलाच हवी होती. पण पुढे अटी कडक झाल्या त्या सगळ्या राज्यासाठी, आणि नायब तहसीलदारांना अधिकार नव्हता म्हणून त्यांच्या सहीचे दाखले रद्द ठरले. अधिकार कोणाला आहे हे सरकारला ठाऊक असायला हवं होतं. फेऱ्या मात्र अर्जदारानं मारायच्या.

या फेऱ्या कोणाच्या वाट्याला येतात? ज्याचं नाव कोतवाल पंजीत आहे, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे, त्याच्या नाही. पालावर जन्मलेल्या बहुरूप्याच्या, गोपाळाच्या लेकरांच्या येतात. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचं वास्तव्य दाखवावं लागतं. त्यांच्यातल्या ज्यांना 1952 पर्यंत गुन्हेगार जमात म्हणून हजेरी द्यावी लागत होती, त्यांच्याकडे पोलिसांच्या दप्तराखेरीज कोणता कागद असणार? अरुणनगरसारख्या बंगाली वसाहतींचंही असंच. तिथल्या नमःशूद्रांची जात पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत आहे, महाराष्ट्राच्या यादीत नाही. सीमा ओलांडून आलेल्या आजोबांची जात नातवापर्यंत पोचत नाही.

मग तक्रार का होत नाही? लाचेच्या सापळ्याला तक्रारदार लागतो. त्यानं नाव-पत्ता सांगायचा, पंचांसमोर उभं राहायचं. ज्याचं नाव-पत्त्याचंच प्रकरण साहेबाच्या टेबलावर पडून आहे, तो लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 क्रमांक फिरवणार कसा? शिवाय 2018 पासून लाच देणं हाही थेट गुन्हा आहे. नाइलाजानं दिली असेल तर 7 दिवसांत कळवलं तरच सुटका. आणि आपण परदेशी नाही हे सिद्ध करण्याचं ओझं 1946 च्या कायद्यापासून त्या माणसावरच आहे. अशा माणसाला भ्रष्टाचाराविरुद्ध लढा म्हणणं मला निर्दयपणाचं वाटतं.

कागद विकण्याचा हा धंदा किती मोठा होऊ शकतो ते कोमोरोस या बेटांच्या देशानं दाखवलं. 2008 च्या कायद्यानं त्यांनी नागरिकत्व विकायला काढलं. संयुक्त अरब अमिरातीतल्या राज्यविहीन बिदून लोकांसाठी घाऊक पासपोर्ट घेतले गेले. ज्यांना अमिरातीचा कागद हवा होता, त्यांना कधी न पाहिलेल्या बेटाचा मिळाला. या व्यवहारापायी माजी अध्यक्ष सांबी यांना 2022 मध्ये जन्मठेप झाली. पासपोर्ट हातात असलेल्या बिदूनांचा प्रश्न त्यानं सुटला नाही.

आपल्याकडे नुसता उपदेश करून भागणार नाही. साहेबाचं समाधान हा शब्द नियमात जिथे जिथे आहे, तिथे तिथे लाचेचा दर ठरतो. एक त्रुटी काढायची, ती भरली की दुसरी काढायची, हा तो दर वसूल करण्याचा मार्ग. म्हणून या परिषदेपुढे मी ठराव ठेवतो: नागरिकत्व, जन्मनोंद आणि जातीच्या दाखल्याच्या अर्जातल्या सगळ्या त्रुटी कचेरीनं एकदाच, लेखी आणि सहीनिशी कळवाव्यात, नंतर नवी त्रुटी काढता येऊ नये. मुदत टळली तर 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्यातला दंड अर्जदारानं न मागता लागू व्हावा. जन्मनोंद व दाखले राज्याच्या हातात आहेत, तिथे हे लगेच करता येईल. नागरिकत्वाच्या अर्जांसाठी केंद्राला लिहू. तोवर आपल्याकडची त्रुटीपत्रं, अर्जदारांची नावं झाकून, उद्या सकाळपर्यंत कार्यवाहांकडे जमा करा. ठरावाला अनुमोदन कोण देतंय?