रस्त्याच्या पोटातली वाळू



मी इंजिनियर नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या फाटकांवर आणि करवीर नगर वाचन मंदिरातल्या पुस्तकांवर.

शिरोळ-हातकणंगल्याकडची काळी माती आपण सर्व ओळखता. पावसात फुगते, उन्हात भेगाळते. उसाला ती माय, रस्त्याला सावत्र आई! ती खालून वरखाली होते, वरचे खडी-डांबर फाटते आणि आपण कंत्राटदाराला शिव्या देतो. (पुष्कळदा त्या योग्य जागी पडतात, ही गोष्ट वेगळी.)

या मातीत चुना मिसळला की तिचे फुगणे कमी होते. सोबत बारीक राख असली तर राखेतील सिलिका आणि चुना पाण्याच्या संगतीने सिमेंटासारखे घट्ट होतात. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते; ते चुन्यात विटांची सुरखी घालीत. आज अशी राख साखर कारखान्यांकडे आहे. शंभर किलो उसामागे सुमारे ३० किलो चिपाड निघते आणि बरेचसे बॉयलरमध्ये जळते. मात्र राख पुरती जळलेली हवी. अर्धवट कोळसा बंध धरीत नाही.

आणि शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांची वाळू? साच्यात ती पुनःपुन्हा वापरतात, अखेर बाहेर टाकतात. काळ्या मातीत मिसळली तर चिकण भाग कमी होतो. पण गंमत अशी की, साच्याची वाळू बांधायला बेंटोनाइट घालतात आणि ती काळ्या मातीच्याच जातीची फुगणारी माती! तप्त लोखंडालगतची जळून मरते, दूरची जिवंत राहते. रासायनिक राळेने बांधलेल्या वाळूत फिनॉल असू शकते. ते झिरपून कुणाच्या विहिरीत उतरावे? म्हणून ढिगागणिक परीक्षा हवी.

आता माझ्या घरचा प्रश्न. ही वाळू म्हणजे सिलिका. तिची बारीक धूळ छातीत बसली की सिलिकोसिस होतो, आणि गेलेले फुप्फुस परत येत नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने हा रोग सरकारला कळवणे डॉक्टरांवर बंधनकारक केले. परंतु तो कायदा कारखान्यापुरता होता. रस्त्यावर पाटीने कोरडी वाळू पसरणाऱ्या बाईची छाती कोण तपासणार?

आमचे मागणे एवढेच : परीक्षेचा खर्च निविदेतच लिहा, वाळू ओली करूनच भरा आणि पसरा, आणि पसरणाऱ्यांच्या तपासणीचा भार वाळू देणाऱ्या कारखान्यावर टाका. ढीग उचलला गेल्याने त्याचे पैसे वाचतात. त्यांतला वाटा त्या बाईसाठी मागताना मला मुळीच संकोच वाटत नाही.