साथीच्या दिवसांतला आकाशपाळणा

(डोंबिवलीतील वसंत व्याख्यानमालेत एका बालरोगतज्ज्ञाने दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेवरचा विषय वाचून काहींना नवल वाटलं असेल. साथीच्या रोगावर बोलायचं तर खाटा, प्राणवायू, लसी यांवर बोलावं. डॉक्टर वॉटर पार्क आणि आकाशपाळण्याचं काय घेऊन बसलेत? मी ते मुद्दामच घेऊन बसलो आहे. कोविडच्या त्या दोन वर्षांत दवाखान्यात येणाऱ्या कितीतरी आया एक प्रश्न अगदी शेवटी, औषधाची चिठ्ठी पर्समध्ये ठेवता ठेवता, आवाज खाली आणून विचारत: "डॉक्टर, पार्क उघडलंय म्हणतात. हिला नेलं तर चालेल का?" आवाज खाली यायचा, कारण आजूबाजूला माणसं जात होती आणि अशा वेळी मुलांच्या मजेचं बोलणं त्यांना पाप वाटत होतं. ते पाप नव्हतं. दहा बाय बाराच्या खोलीत वर्ष काढलेल्या सात वर्षांच्या मुलीला पळायला, ओरडायला, भिजायला जागा हवी असणं ही तिच्या वाढीची गरज आहे. साथ दोन वर्षं चालते तेव्हा ती गरज "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवता येत नाही. तोवर ती मुलगी नऊ वर्षांची होते.

आपल्याकडे काय घडलं ते आधी आठवू या. 13 मार्च 2020 रोजी राज्य सरकारने मुंबई, ठाणे, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूर इथली चित्रपटगृहं, नाट्यगृहं, व्यायामशाळा, तरणतलाव बंद केले. त्यासाठी वापरलेला साथरोग कायदा 1897 चा, म्हणजे मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. बारा दिवसांनी गुढीपाडवा आला आणि तोच देशव्यापी टाळेबंदीचा पहिला दिवस ठरला. ज्या डोंबिवलीने 1999 मध्ये नववर्ष स्वागतयात्रेची प्रथा सुरू केली, तिथला फडके रोड त्या सकाळी सुनासुना होता. ऑक्टोबरात नवरात्र आलं, पण देवळं बंद होती. त्यामुळे कल्याणच्या दुर्गाडीवर जत्रा नाही आणि जत्रा नाही म्हणून पाळणेही नाहीत. सावळाराम महाराज म्हात्रे क्रीडासंकुलाचं कोविड रुग्णालय झालं. ते व्हायलाच हवं होतं, त्याने जीव वाचले. पण मुलांची एक हक्काची जागा गेली आणि तिच्या बदल्यात काय, हा प्रश्न फारसा कुणाच्या बोलण्यात आला नाही.

डिसेंबर 2020 च्या अखेरीस प्रतिबंधित क्षेत्राबाहेरची मनोरंजन उद्यानं आणि नौकाविहार सुरू करायला परवानगी मिळाली. एप्रिल 2021 मध्ये दुसऱ्या लाटेत पुन्हा कुलूप लागलं. दिवाळीच्या तोंडावर ते निघालं. आणि मग ओमायक्रॉन आला. महाराष्ट्रातला त्याचा पहिला रुग्ण आपल्या डोंबिवलीतच सापडला, हे तुम्हाला आठवत असेल.

8 जानेवारी 2022 च्या आदेशापाशी मला जरा थांबायचं आहे. त्या आदेशाने चित्रपटगृहं, मॉल आणि उपाहारगृहं निम्म्या क्षमतेने चालू ठेवली, आणि मनोरंजन उद्यानं, प्राणिसंग्रहालयं, किल्ले पूर्ण बंद केले. म्हणजे खिडकी नसलेल्या वातानुकूलित हॉलमध्ये तीन तास बसायला परवानगी आणि वारा भणाणणाऱ्या गडाच्या बुरुजावर जायला मनाई. आदेश काढणाऱ्यांवर प्रचंड ताण होता आणि त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पण तोवर साथीला दोन वर्षं होत आली होती आणि हा विषाणू मुख्यतः बंद जागेतल्या हवेतून पसरतो हे जगाला कळून चुकलं होतं. आपण मात्र "चैनीच्या जागा" आणि "कामाच्या जागा" अशी वाटणी करत राहिलो. "मोकळ्या" आणि "कोंदट" अशी वाटणी झालीच नाही. आज मला एवढंच सांगायचं आहे, बाकीचं सगळं याच्या ओघाने येईल: धोका मौजेत नसतो, हवेत असतो.

ही हवेची गोष्ट नीट समजून घेऊ. बाधित माणूस बोलतो, गातो, ओरडतो तेव्हा त्याच्या श्वासातून अतिसूक्ष्म थेंब बाहेर पडतात. देवघरातल्या उदबत्तीचा धूर बंद खोलीत कसा साचतो आणि अंगणात कसा विरतो, तसंच या थेंबांचं आहे. फरक एवढाच, की यांना वास नसतो. जपानच्या आरोग्य खात्याने 2020 च्या मार्चमध्येच लोकांना तीन गोष्टी टाळायला सांगितल्या होत्या: कोंदट जागा, गर्दी आणि तोंडाजवळ तोंड नेऊन बोलणं. तिन्ही एकत्र आल्या की धोका सर्वांत जास्त. याच जपानमध्ये फुजी-क्यू हायलँड या उद्यानाने मास्क लावून रोलर कोस्टरमध्ये गप्प बसलेल्या आपल्या अधिकाऱ्यांची चित्रफीत दाखवली आणि पाहुण्यांना विनंती केली, की किंकाळी मनातल्या मनात फोडा. लोक हसले, पण त्यामागचं शास्त्र पक्कं होतं. ओरडताना बाहेर पडणारे थेंब साध्या श्वासापेक्षा कितीतरी जास्त असतात.

हवा दिसत नाही, पण मोजता येते. हे माझ्या हातातलं छोटं यंत्र कार्बन डायऑक्साइड मोजतं. बाहेरच्या हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत साधारण 420 असतं. खोलीत ते हजारावर गेलं, की आपण एकमेकांचा उच्छ्वास पुन्हा पुन्हा आत घेत आहोत असं समजावं. आत्ता या सभागृहात बघा, 1,300 दाखवतंय. मागच्या बाजूच्या कुणीतरी त्या दोन खिडक्या उघडता का? (खिडक्या उघडल्या जातात.) धन्यवाद. असं यंत्र प्रत्येक चित्रपटगृहाच्या आणि प्रत्येक पार्कच्या बंद खेळघराच्या दारावर लावावं आणि आकडा सगळ्यांना दिसावा, अशी माझी मागणी आहे. दारात कपाळावर धरलेल्या तापमापीपेक्षा त्याचा उपयोग फार मोठा आहे. लक्षणं दिसण्याआधीच माणूस रोग पसरवू लागतो आणि तेव्हा त्याचं कपाळ थंडच असतं.

आता माझ्याबरोबर साथीच्या काळातली एका दिवसाची सहल करा. डोंबिवलीहून निघायचं आणि ठाण्याच्या घोडबंदर रोडला जायचं. वाघबीळचं सूरज वॉटर पार्क असेल किंवा मानपाड्याची, येऊरच्या डोंगराला टेकलेली टिकुजी-नी-वाडी. या दिवसातला सर्वांत धोक्याचा भाग कोणता? डोंबिवली ते ठाणे लोकल. 15 ऑगस्ट 2021 पासून दोन मात्रा घेतलेल्यांना लोकल खुली झाली तेव्हा आपण सगळे पुन्हा तिच्यात कोंबले गेलो, पोटासाठी जावंच लागतं. पण सहलीला जाताना घाई नसते. गर्दीच्या वेळा टाळाव्यात, आणि डब्यात असेपर्यंत मास्क नाकावरून खाली येऊ देऊ नये. सोसायटीची खासगी बस काढणार असाल तर एसी बंद करून खिडक्या उघडा, आणि अंताक्षरी परतीच्या नव्हे, दुसऱ्या एखाद्या वर्षीच्या प्रवासासाठी ठेवा. चाळीस जणांनी बंद बसमध्ये दोन तास गाणी म्हणणं हे उघड्या पाळण्यात बसण्यापेक्षा कितीतरी जास्त जोखमीचं आहे.

पार्कमध्ये पोचलात. तिकीट खिडकीची रांग उघड्यावर असेल तर ठीक, पत्र्याच्या बोळातून वळणं घेत जाणारी असेल तर पुढच्यांना जाऊ द्या. उघडा आकाशपाळणा, बोटी, घसरगुंड्या यांची भीती बाळगू नका. लोखंडी दांड्याला हात लागला म्हणून घाबरू नका, हात धुवा. पृष्ठभागावरून हा रोग क्वचितच लागतो. मला काळजी वाटते ती तीन जागांची: कपडे बदलायची खोली, बंद खेळघरं किंवा भुताचे बंगले, आणि दुपारी एकचं कँटीन. कपडे बदलायची खोली ओली, कोंदट, आणि तिथे मास्क हमखास उतरलेला. मुलांना घरूनच आत पोहण्याचे कपडे घालून न्या, म्हणजे तिथला वेळ निम्मा होईल. जेवायला साडेअकराला किंवा अडीचला जा, झाडाखाली बसा. मास्क पाण्यात घालायचा नाही. भिजलेल्या मास्कमधून नीट श्वास घेता येत नाही, लहान मुलाला ते घातकही ठरू शकतं. कोरडे मास्क प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे न्यावेत.

पाण्याबद्दल फार गैरसमज आहेत. तलावातल्या पाण्यातून कोविड होतो म्हणून लोक घाबरत. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी 2021 मध्ये दाखवलं, की एका लिटर पाण्यात दीड मिलिग्रॅम मोकळं क्लोरिन असेल आणि पाण्याचा सामू 7 ते 7.2 असेल, तर अर्ध्या मिनिटात विषाणूची संसर्गक्षमता हजारपटीने घटते. म्हणजे पाणी सुरक्षित, त्यात खांद्याला खांदा लावून उभं राहणं सुरक्षित नाही. लाटांच्या तलावात भोंगा वाजला की दोनशे माणसं एका टोकाला येतात, तिथे जाऊ नका. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा: क्लोरिनचा उग्र वास येतोय म्हणजे पाणी स्वच्छ, असं आपण समजतो. बहुतेक वेळा उलट असतं. घाम आणि लघवी यांच्याशी क्लोरिनचा संयोग झाला की तो वास येतो. शिवाय मे महिन्याच्या उन्हात क्लोरिन झपाट्याने उडून जातं, म्हणून दिवसातून अनेकदा पाणी तपासावं लागतं. काउंटरवर जाऊन तपासणीची वही मागा. संकोच करू नका. क्लोरिन कमी असेल तर कोविड राहू द्या, डोळे येणं आणि जुलाब यांनी घर आजारी पडेल.

पार्कमध्ये काम करणाऱ्यांबद्दल बोललंच पाहिजे. आपण तिथे एक दिवस जातो, लॉकरवाल्या ताई तीच हवा रोज घेतात. त्यांना चांगले मास्क, पगारी आजारपणाची रजा आणि लस मिळाली नाही, तर पाहुण्यांसाठी केलेले सगळे नियम फुकट. आणि पाण्याकाठी उभ्या असलेल्या जीवरक्षकाला "मास्क लावा, अंतर ठेवा" असं सांगत फिरायला लावू नका. त्याची नजर पाण्यावरून हलता कामा नये. रोगाच्या भीतीपायी एखादं मूल बुडालं तर ती भीती काय कामाची? तसंच यंत्रांचं. महिनोन्‌महिने उभा असलेला पाळणा कुलूप काढलं की लगेच फिरवायचा नसतो. कोकणच्या पावसाळ्यात उघड्यावर राहिलेले बोल्ट गंजतात, बेअरिंगमधलं ग्रीस सुकतं, पट्ट्यांची रबरं कडक होतात. आधी तज्ज्ञाकडून तपासणी, मग वाळूच्या पोत्यांनिशी रिकाम्या फेऱ्या, मग माणसं. ही तपासणी झाल्याचं प्रमाणपत्र दर्शनी लावलेलं नसेल, तर मी माझ्या नातवंडांना त्या पाळण्यात बसवणार नाही.

शांघायचं एक उदाहरण देतो. 31 ऑक्टोबर 2021 रोजी तिथल्या डिस्नेलँडचे दरवाजे अचानक बंद झाले, कारण आदल्या दिवशी येऊन गेलेली एक व्यक्ती बाधित निघाली होती. आतल्या 33 हजारांहून अधिक माणसांची तपासणी करूनच त्यांना घरी सोडलं. आतषबाजी चालू आहे आणि खाली पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी नाकातून नमुने घेताहेत, ती छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. त्यांतला एकही जण बाधित निघाला नाही. एका घटनेवरून सिद्धान्त मांडू नये. पण आपल्याकडे मोकळ्या बागांना कुलूप लावताना अशा नोंदींकडे पाहायला हवं होतं.

आता लसीबद्दल. आपल्याकडे 15 ते 17 वयाच्या मुलांचं लसीकरण 3 जानेवारी 2022 ला आणि 12 ते 14 वयाच्या मुलांचं 16 मार्च 2022 ला सुरू झालं. ज्यांच्यासाठी पार्क असतात ती लहान मुलं तोवर, आणि त्याहून लहान तर पुढेही, लसीविना होती. त्यांचं संरक्षण भोवतीच्या मोठ्यांनी लस घेण्यात होतं. 4 मार्च 2022 पासून ज्या 14 जिल्ह्यांत सगळं पूर्ण क्षमतेने सुरू झालं, त्या यादीत रायगड होता आणि म्हणून त्या जिल्ह्यातलं खोपोलीचं मनोरंजन उद्यानही. ठाणे जिल्हा नव्हता. पहिली मात्रा 90 टक्के आणि दुसरी 70 टक्के, या अटीही त्या यादीच्या निकषांत होत्या. मुलांना आकाशपाळणा परत मिळणं हे असं काकांनी, मामांनी, शेजाऱ्यांनी घेतलेल्या दुसऱ्या मात्रेवरही अवलंबून होतं. अखेर एप्रिलमध्ये, पाडव्याच्या मुहूर्तावर, सगळेच निर्बंध उठले.

पुन्हा साथ येईल तेव्हा कल्याण-डोंबिवलीच्या आणि ठाण्याच्या महापालिकांनी मैदानं आणि बागा सर्वांत शेवटी बंद कराव्यात आणि सर्वांत आधी उघडाव्यात. पार्कवाल्यांनी तिकिटं वेळेच्या टप्प्यांत विकावीत, रविवारी महाग आणि मंगळवारी स्वस्त. आणि आपण घरच्यांनी? कुणालाही ताप, घसादुखी असेल तर सहल रद्द, तिकिटाचे पैसे गेले तरी. पार्कहून परतल्यावर पाच-सहा दिवस मुलांनी आजी-आजोबांशी गॅलरीत बसून गप्पा माराव्यात, त्यांच्या खोलीत झोपायला जाऊ नये. आजीची लस राहिली असेल तर आधी ती द्या, आणि सहलीची तारीख त्यापुढे दोन आठवड्यांची धरा.