परीक्षेच्या आदल्या रात्री



दहावी-बारावीची परीक्षा तोंडावर आली,
की घरोघरी जागरणं सुरू होतात.
सोबतीला चहाचा थर्मास.

पण मुलांनो,
वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं, ते झोपेत.
दिवसभराच्या अभ्यासाची मेंदू तेव्हा उजळणी करतो.
जागरण केलंत, की ही उजळणीच बुडते.
आणि रात्रीच्या चहाचा अंमल?
तो तासन् तास उतरत नाही!

तुमच्या वयाला 8 ते 10 तास झोप हवी.

पेपर हातात पडला आणि छातीत धडधडलं,
तर श्वास सावकाश सोडा.
घ्यायला लागला, त्याहून जास्त वेळ सोडायला लावा.
धडधड कमी होते.

पुन्हा सांगते,
वाचलेलं पक्कं बसतं, ते झोपेत.
आईबाबा, आज रात्री
“अजून एक धडा कर” असं म्हणू नका.