सराव आणि शाबासकी



४०२ मधून १७८ वजा करावयाचे आहेत. चौथीतील एक मुलगी उत्तर लिहिते, ३७६. वहीत लाल फुली पडते आणि तसलीच दहा उदाहरणे घरी करावयास मिळतात. दुसऱ्या दिवशी दहाही चुकलेली असतात, आणि ‘हिला गणित येणार नाही’ असा निकाल लागतो. असा निकाल लागलेले मूल पुढे गणिताच्या तासाला हात वर करीत नाही.

वास्तविक मुलीने कसूर केलेली नाही. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, असा नियम तिने स्वतःच बसविला आहे: ८ मधून २, ७ मधून ०, ४ मधून १. दहा उदाहरणांनी हा चुकीचा नियमच पक्का झाला!

अडचण मधल्या शून्यापाशी आहे. सरावही तेथेच हवा. शंभर-शंभर काड्यांचे चार गठ्ठे व दोन सुट्या काड्या तिच्यापुढे ठेवून आठ काड्या मागाव्या. शंभराचा एक गठ्ठा सोडून दहा दशक होतात. त्यांतील एक दशक सोडले की ३ शतक, ९ दशक, १२ एकक हाती राहतात. उत्तर २२४ येते. मग मध्ये शून्य असलेली तीनच उदाहरणे शिक्षकांच्या देखत करवून घ्यावी आणि चूक होताच तेथेच थांबवावे. काही दिवसांनी ती इतर उदाहरणांत मिसळून द्यावी.

सराव किती नेमके काम करतो, याचा एक प्रयोग अमेरिकेतील कार्नेगी-मेलन विद्यापीठात झाला. तो १९८० साली प्रसिद्ध झाला. एका विद्यार्थ्याला अंक ऐकवून क्रमाने म्हणावयास लावीत. आरंभी त्यास ७ अंक साधत. २३० तासांहून अधिक सरावानंतर ७९ साधू लागले. तो धावपटू होता व अंकांचे गट शर्यतीच्या वेळा म्हणून ध्यानात ठेवी. परंतु अंकांऐवजी अक्षरे देताच तो पुन्हा सुमारे सहावर आला. पाठांतराने बुद्धी सर्वच बाजूंनी तल्लख होते, ही समजूत म्हणून तपासून घेण्याजोगी आहे.

शाबासकीचेही असेच आहे. क्लॉडिया म्यूलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही मुलांची ‘हुशार’ म्हणून, तर काहींची मेहनतीबद्दल स्तुती केली होती. पुढे कठीण कोड्यांत अपयश येताच ‘हुशार’ मुलांची चिकाटी अधिक ढळली. तथापि ‘प्रयत्न कर’ एवढ्याने वजाबाकी येत नाही. अमेरिकेतच २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे १२,००० विद्यार्थ्यांच्या अभ्यासात, बुद्धी वाढविता येते हे शिकविल्याने मागे पडलेल्यांच्या गुणांत वाढ झाली खरी, पण ती थोडीच होती.

त्या मुलीच्या वहीत फुलीऐवजी एक ओळ लिहिता येईल: ‘शतक सोडावयाचे राहिले; ते सोडून दशकाच्या घरात ९ लिही.’ दोन शिक्षकी शाळेत रोज साऱ्या वह्यांत असे लिहिणे होणार नाही. रोज पाच वह्या मात्र होतात.